डेनिसचा खोकला

माझ्या मोटरसायकलने घरच्या शेवयांवर काळी पिचकारी मारली, त्यात मोटरसायकलचा काही दोष नव्हता. तिला बिचारीला जे पाजलं ते ती प्यायली आणि जिथून टाकायचं तिथून तिने टाकलं. भाचीच्या लग्नाचं जेवण दुसऱ्या दिवसावर आलेलं. नीवेसने, म्हणजे माझ्या बायकोने, पहाटे उठून अंड्यांत पीठ मळलं होतं, टेबलाएवढ्या पोळ्या लाटल्या होत्या, आणि त्यांच्या रुंद शेवया कापून अंगणात पांढऱ्या कापडांवर वाळत घातल्या होत्या. मी तिथेच पलीकडे गाडीला नवी पेटी जोडत होतो. जोडून झाल्यावर बटण दाबलं. इंजिन एकदा ठसकलं, मग जरा विचारात पडलं, आणि मागच्या नळीतून असा बार निघाला की शेजारच्या कोंबड्या पुढे कितीतरी दिवस अंडी द्यायला विसरल्या. धूर निवळला तेव्हा नीवेस दारात उभी होती आणि शेवयांवर माझ्या कर्तृत्वाची रांगोळी उमटली होती.

"ओतेल्लो," ती शांतपणे म्हणाली. नीवेस शांतपणे बोलायला लागली की मी आधी दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवतो. "उद्या पाहुण्यांना काय वाढू? काजळ?"

"दोन वायरी उलट्या लागल्या असतील गं."

"लागल्या नाहीत. तू लावल्यास. जा, नुल्लोकडे घेऊन जा."

"त्याच्याकडे नको."

"का नको? सगळं गाव जातं."

सगळं गाव जातं म्हणूनच नको होतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं.

आता ही पेटी काय भानगड आहे ते सांगतो. हल्लीच्या मोटरसायकलींना कार्बोरेटर नसतो. इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं हे आत बसलेला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो, आणि कारखान्यातून निघतानाच त्याला हात आखडून वाढायची शिकवण दिलेली असते. इथे इटलीत आमच्याकडचा माणूस तर गाडी घेतो ती सायलेन्सर बदलण्यासाठीच. सायलेन्सर बदलला की इंजिन मोकळा श्वास घेतं, पेट्रोल मात्र पहिल्याएवढंच, म्हणजे गाडी धावते पण उपाशीपोटी. म्हणून वरून एक पेटी बसवायची, आणि मूठ किती पिळल्यावर, इंजिन किती वेगात फिरताना, किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता तिच्यात भरायचा. पोस्टातल्या टपालाच्या खणांसारखी घरं असतात. एकेक घर भरावं लागतं. आमच्या गावात ती भरणारा माणूस एकच, नुल्लो सावोरानी.

नुल्लोने भरलेली गाडी डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत कुठेही ओळखू येते. एरवी ती लोण्यावरून सुरी फिरावी तशी पळते. फक्त एका जागी, चढ लागतो आणि मूठ जेमतेम पिळलेली असते तेव्हा, ती खोकते. एकदाच. घशात काही अडकल्यासारखी ख्खॉक करते आणि पुढे जाते. हा नुल्लोचा हलगर्जीपणा नाही. तो गाडी जागच्या जागी पळवायच्या रोलरवर चढवतो, दिवसभर बसून तिचं घर न् घर बिनचूक भरतो, आणि अगदी शेवटी त्या एका घरातलं पेट्रोल मुद्दाम काढून घेतो. कारण त्याच्या मुलाची, डेनिसची गाडी तिथे खोकायची. डेनिस गेला त्याला दहा-बारा वर्षं होतील. तेव्हापासून गावातली झाडून सगळी मोटरसायकल मंडळी त्याचा खोकला घेऊन फिरतात.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी बोलत नाही.

रविवारी चौकात कॉफी झाली की मोटरसायकल क्लबातले लोक निघतात, लामोने नदीच्या कडेकडेने, वर खिंडीकडे. रेल्वेचं फाटक ओलांडलं की चढ सुरू होतो, आणि चढाच्या तोंडाशी नुल्लोचं घर. तिथे सगळे मूठ जरा पिळतात. एकामागून एक. ख्खॉक. ख्खॉक. ख्खॉक. नुल्लो आवारात रस्त्याकडे पाठ करून काहीतरी पुसत उभा असतो. आत त्याची बायको एदेरा रविवारची पोळी लाटत असते. एकेका खोकल्याला तिचं लाटणं थांबतं, मग पुन्हा चालू होतं. धुक्याच्या दिवसांत गाड्या दिसतच नाहीत, नुसता खोकला चढावरून वर वर जाताना ऐकू येतो. त्या दिवसांत तिथून पायी जाणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जातात. विचाराल तर सांगतील, इकडे चिखल असतो.

मी डेनिसचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला त्याला माझ्या हातांवर दिलं होतं, आणि त्याने माझ्या नव्या कोटाचा बाप्तिस्मा केला होता. दुसऱ्यांच्या गाडीतून तो खोकला ऐकणं वेगळं. तो माझ्या स्वतःच्या मांड्यांखालून यावा, हे मला झेपणारं नव्हतं. म्हणून मी जुनी गाडी विकल्यावर बरीच वर्षं नवी घेतलीच नव्हती. या खेपेला पेसारो शहरातून एक घेतली, आणि पेटी परस्पर पोस्टाने मागवली. नीवेसला सांगितलं, पेट्रोल वाचेल.

नुल्लो हे नाव आमच्या भाषेत 'काहीच नाही' असं ऐकू येतं. बाप कट्टर चर्चविरोधी. गारिबाल्दीच्या कुठल्याशा शिलेदाराचं आडनाव त्याने मुलाचं नाव म्हणून ठेवलं, निव्वळ पाद्र्याला ठसका लागावा म्हणून. आजीने पोराला चोरून बाप्तिस्म्याला नेलं तेव्हा पाद्री म्हणाला, बाई, या नावाचा संतच नाही. आजी म्हणाली, मग जागा रिकामी आहे, हा भरेल. जागा अजून रिकामी आहे. पण कार्बोरेटरच्या जमान्यात लोक त्याच्याकडे नवस बोलल्यासारखेच यायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "ही डाव्या कुशीवर झोपते." काय म्हणायचा ते त्याचं त्याला ठाऊक. इंजिनं बरी व्हायची हे खरं. कधीकधी बिघडायचीही, पण तेव्हा तो म्हणायचा की मालक चुकीचा मिळाला.

मग इंजेक्शन आलं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा तो कॉम्प्युटर. नुल्लोने जाहीर केलं की इंजिन मेलं, आता उरला तो रेडिओ. आठवडाभर शटर खाली. ते वर ओढलं डेनिसने. उंच, वाकून दारातून येणारं पोरगं. एक लॅपटॉप त्याने बापाच्या बाकावर ठेवला, तोही ऑइलच्या डब्यांवर.

"बाबा, हे बघ. इथे पेट्रोल, इथे हवा. कान लावायची गरज नाही."

"मग कान कशाला दिलेत? टोपी अडकवायला?"

असं त्यांचं दिवसभर चालायचं. एकाचा आकड्यांवर विश्वास, दुसऱ्याचा कानावर. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि भांडण ऐकायला आलेले जास्त. पण दोघांनी मिळून केलेली गाडी अशी पळायची की खिंडीपलीकडून आलेले टस्कनीवाले थांबून विचारायचे, कुणाकडून केलीत?

एदेरा दर रविवारी मारियामातेपुढे दिवा लावायची, पोरगं डोंगरातून सुखरूप यावं म्हणून. मारियामातेने तिचं शब्दशः ऐकलं. पोरगं डोंगरातून प्रत्येक वेळी सुखरूप आलं. गेलं ते एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर, समोर काप्पेलेत्तीची, म्हणजे रश्शातल्या सारण भरलेल्या छोट्या टोप्यांची, वाफाळती थाळी, हातात चमचा. डोक्यातली नस, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी बापलेकांचं नेहमीसारखं वाजलं होतं. नुल्लो म्हणाला होता, तुझी स्वतःची गाडी चढाला खोकते. डेनिस म्हणाला होता, मला नाही ऐकू येत. नुल्लो म्हणाला, जाऊ दे, तुझी गाडी, तुझं तू बघ.

तेव्हापासून ती गाडी दुकानाच्या कोपऱ्यात चादरीखाली होती. नुल्लोने तिला हात लावला नाही. "ते काम त्याचं आहे," एवढंच म्हणायचा. तो खोकला मात्र कानावरून काढून त्याने पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत घातला, मग गिऱ्हाइकांच्या. पहिल्या माणसाने तक्रार केली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पहिला माणूस पाल्मिरो, आमच्या क्लबाचा अध्यक्ष, धंद्याने नळकारागीर. तो गाडी घेऊन चढावर गेला, खोकला ऐकला, परत आला, आणि म्हणाला, "झकास झालीय." मग पुढच्यांना वेगळं बोलायची सोय राहिली नाही.

तर अशा माणसाकडे मी माझी काजळ ओकणारी गाडी ढकलत नेली. त्याने पेटी उलटसुलट करून बघितली.

"ही कुठली?"

"स्वतः शिकणारी."

"शिकून काय होणार आहे? बिशप?"

"आता नुल्लो..."

"पेट्या तीन जातीच्या असतात, ओतेल्लो. जावयांसारख्या. पहिली खोटारडी. इंजिनाला थाप मारते की बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि ते घाबरून दोन घोट जास्त पितं. स्वस्तात मिळते आणि तशीच वागते. दुसरी सांगितलेलं ऐकणारी. तू जे लिहिशील ते धरून बसेल, मरेपर्यंत. आणि तिसरी ही. हिचं नाक धुराड्यात. धूर हुंगते, आणि घरात सगळं आपल्या मताने हलवते. तू काहीही भर, दोन रविवारांत पुसून टाकेल. असला जावई घरात घेशील?"

"माझा जावई असाच आहे."

"मग तुला सवय आहे."

वायरी त्याने सरळ केल्या. इंजिन शहाण्यासारखं चालायला लागलं. मग तो लॅपटॉपपाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "तक्ता भरू मी?"

भरला तरी ती पेटी पुसून टाकणार, हे आत्ताच त्याने मला सांगितलं होतं. म्हणजे तो विचारत होता ते पेटी बदलायचं. मी म्हणालो, "राहू दे रे. आपली आपण शिकते म्हणतात."

"राहू दे," तो म्हणाला, आणि हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

रविवारी मी सगळ्यांच्या शेवटी निघालो. फाटक ओलांडलं. पुढच्या गाड्या एकेक खोकून वर गेल्या. माझी पाळी आली. मूठ पिळली. गाडी हूं की चूं न करता वर सरकली. नुल्लोची पाठ तशीच होती. पेटी अगदी झकास, पैसे वसूल. वळणावर आलो तरी माझे खांदे आवळलेले. मी वाट बघत होतो. दुसऱ्या चढाला आवळले, तिसऱ्याला आवळले. काही नाही. खिंडीपर्यंत असं वाटत राहिलं की सीटखाली कोणीतरी श्वास धरून बसलंय, आणि मी उतरेपर्यंत तो सोडणार नाही. वर धुकं होतं. सगळे गाड्या बंद करून सॉसेजचे पाव खात होते. मी गाडी बंद करायला जरा वेळच लावला. बंद केल्यावर काय ऐकू येईल याची खात्री नव्हती.

मंगळवारी नीवेस बेकरीतून आली ती तोंड बारीक करून.

"एदेरा भेटली. म्हणाली, रविवारी एक खोकला कमी आला. कोण आजारी आहे?"

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, आमचा ओतेल्लो आजारी आहे, डोक्याने."

इकडे बारमध्ये पाल्मिरो माझ्या शेजारी येऊन बसला. आधी हवापाण्याचं बोलला. मग ग्लासात बघत विचारलं, "तुझी खोकत नाही म्हणे?"

"नाही."

"पेट्रोल?"

"कमी लागतं."

"हं." तो अजून जवळ सरकला. "मला बाकी काही नाही रे. पण फाटकापाशी मागे ट्रक असला की त्या खोकल्याला माझा जीव वर येतो. गेल्या महिन्यात ट्रकवाल्याने हॉर्न असा मारला की मी माझी पितरं बघून आलो. नाव काय त्या पेटीचं? हळू सांग. लिहून नको देऊस."

मी हळू सांगितलं. पाल्मिरोला नळाच्या चाव्या हळू सोडता येतात, गुपित नाही. पुढच्या रविवारी दोन गाड्या गप्प गेल्या, त्याच्या पुढच्या रविवारी सहा. जो तो मला कोपऱ्यात गाठून म्हणायचा, नुल्लोला बोलू नकोस हं. द्राक्षं उतरून झाली, धुकं खाली येऊन बसलं, तोवर निम्म्या गाड्या बऱ्या झाल्या होत्या. चढावरून ख्खॉक, मग काही नाही, काही नाही, पुन्हा एक ख्खॉक. दात पडलेल्या तोंडातून बोलल्यासारखं.

ऑक्टोबरच्या शेवटी एदेरा घरी आली. हातात ताटली, ताटलीत बदामाची छोटी बिस्किटं. मृतांच्या दिवसाआधी आमच्याकडे ती घरोघरी होतात, आणि दुसऱ्याच्या घरची चाखून आपलीच बरी म्हणायची रीत आहे. नीवेसने खुर्ची दिली. एदेरा बसली नाही.

"ओतेल्लो, मी काही तुझ्याशी भांडायला नाही आले."

"बस तरी."

"नुल्लो पूर्वी पाठ करून उभा राहायचा. आता आवाराच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. रस्त्याकडे तोंड. एकेक गाडी येते तशी मान पुढे काढतो, आणि ती गप्प गेली की मान आत घेतो. कासवासारखी. मला खिडकीतून बघवत नाही."

"मला वाटलं, तुला तो आवाज नकोच असेल."

"नकोच होता," ती म्हणाली. "दर रविवारी वाटायचं, आज कोणी येऊ नये, आज पाऊस पडावा. पण आता ते गप्प जातात ना, तेव्हा मला वाटतं की तो येतो आणि मला हाक न मारता जातो." मग ताटलीकडे बघून म्हणाली, "बदाम यंदा महाग आहेत. जपून खा."

ती गेल्यावर नीवेसने बिस्किटाचा तुकडा मोडला, आणि तोंडात न घालता मला म्हणाली, "पेटी काढ."

मी त्याच दुपारी गेलो. नुल्लो रोलरपाशी रिकामा बसला होता. मी म्हणालो, "तुझी ती दुसऱ्या जातीची बसव. सांगितलेलं ऐकणारी."

"का?"

"मला खोकला हवाय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नीवेसने पाठवलं?"

"निम्मं नीवेसने. निम्मा माझा मी आलो."

"मला जमणार नाही."

मला वाटलं रुसलाय. म्हटलं, "नुल्लो, मी धर्मबाप आहे त्याचा. चूक झाली. घाल."

"अरे गाढवा, जमणार नाही म्हणजे येत नाही!" तो एकदम ओरडला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी तो कानावरून घातलाय. इतकी वर्षं. प्रत्येक वेळी वाटायचं, हाच. आता मध्ये मध्ये गप्प गाड्या जातात ना, त्या वेळात मी त्याचा खरा खोकला आठवायला बघतो. येत नाही. पाल्मिरोला घातला होता तो घशातून यायचा. क्लबातल्या त्या पशुवैद्याला घातलाय तो छातीतून. डेनिसचा कुठून यायचा? तू सांग. तू ऐकलायस."

मला फक्त गावाचा खोकला आठवत होता.

"तुला अंदाजाने नाही घालणार," तो म्हणाला. "तुला घालीन तर त्याचाच."

दोघांनीही मग कोपऱ्याकडे बघितलं. चादरीवर धुळीचा असा थर होता की तीच एक दुसरी चादर वाटावी.

"मृतांच्या दिवशी," नुल्लो म्हणाला. "एदेरा कबरस्तानात जाते तेव्हा. तिला ऐकू जायला नको."

मृतांच्या दिवशी आमच्याकडे बायका उजाडताच उठतात, अंथरुणं लवकर आवरतात, धुतलेल्या चादरी घालतात आणि बिछाने रिकामे सोडतात. लांबून चालत घरी आलेल्या मृतांना टेकायला जागा हवी. मी पोचलो तेव्हा उघड्या खिडकीतून डेनिसच्या खोलीतला पलंग दिसत होता. पांढराशुभ्र, एकही सुरकुती नाही. मी उगाच जास्त वेळ बघितलं, सुरकुती आहे का म्हणून. एदेरा शेवंतीचा गुच्छ घेऊन बाहेर पडली, मला म्हणाली, "आज काम करता होय रे? लाज नाही," आणि धुक्यात गेली.

नुल्लोने जुनं पेट्रोल आधीच काढून नवं भरलं होतं. बॅटरी नवी होती. ऑइल नवं होतं. चादर मात्र माझ्यासाठी ठेवली होती. आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ती काढली, तान्ह्या पोराच्या अंगावरची काढतात तशी. गाडी लाल होती हे मी विसरलो होतो. टाकीच्या कडेला त्याच्या गुडघ्याने रंग घासलेला होता.

"तू बस," नुल्लो म्हणाला. "माझे पाय नाही पोचत. त्याने सीट उंच करून घेतली होती."

"माझे तरी कुठे पोचतात?"

"तू रोलरवर आहेस, कुठे पडणार आहेस? बस."

मी बसलो. तो खाली वाकला, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. लॅपटॉपकडे त्याने पाहिलंही नाही. मी बटण दाबलं. एकदा नुसतंच फिरलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आत काहीतरी उठून बसलं, आणि ते बंद दुकान आवाजाने असं भरलं की बाकावरचे नट नाचायला लागले. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी आरशात बघायचं टाळलं.

"हळूहळू पिळ," नुल्लो ओरडला. "चढावर पिळतोस तेवढीच."

मी पिळली. काटा सरकत त्या जागेकडे निघाला. मी खांदे आवळले. काटा त्या जागेवर आला आणि पुढे गेला.

"पुन्हा."

पुन्हा पिळली. इंजिन तेलाच्या धारेसारखं एकसंध वर गेलं.

"पुन्हा!"

किती वेळा केलं कोण जाणे. एकदाही खोकलं नाही. अडखळलंही नाही. नुल्लो उठला, लॅपटॉपपाशी गेला, वायर पेटीला जोडली आणि चष्मा शोधायला लागला. तो कपाळावरच होता, पण सांगायचा मला धीर झाला नाही. शेवटी सापडला. त्याने पडद्यावर त्या घरावर बोट ठेवलं.

घर भरलेलं होतं. शेजारची दोन्हीही, बेताबेताने, चढाला आधार द्यावा तशी. हे काम नुल्लोच्या हातचं नव्हतं. तो ठोकून भरतो. हे हलक्या हाताने भरलेलं होतं.

"त्या रविवारी सकाळी मी घरात नव्हतो," तो म्हणाला. गाडी चालूच होती, म्हणून त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि ते बोलणं मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. "भांडण झालं म्हणून अळंबी शोधायला रानात गेलो होतो. जेवायलाच आलो. हा इथे होता. भरून ठेवलं त्याने. मला बोलला नाही."

"बोलणार असेल. रस्सा संपल्यावर."

"माझं बरोबर होतं असं त्याला म्हणावं लागलं असतं. तो कसला बोलतोय." आणि तो हसला, किंवा तसंच काहीतरी त्याच्या तोंडाचं झालं.

दारात एदेरा उभी होती. डोक्याला रुमाल, अंगात काळा कोट. ती कधी आली कोणालाच कळलं नाही. मी मूठ सोडून दिली, पण इंजिन संथ चालत राहिलं.

"कोण आलंय?" तिने विचारलं.

ती मान कलती करून ऐकत राहिली. मग चार पावलं पुढे आली आणि टाकीवर, रंग घासलेल्या जागेवर, तळवा ठेवला.

"ही खोकत नाही."

"नाही," नुल्लो म्हणाला.

"अजिबात?"

"त्याने केली होती दुरुस्त. त्याच सकाळी."

एदेराने हात तसाच ठेवला. "गरम आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने हात काढला, कोटाच्या खिशात घातला, जणू त्यातली ऊब सांडू नये. "काडेपेटी विसरले होते. दिवा कशाने लावू?" बाकावरची नुल्लोची काडेपेटी उचलून ती आली तशी गेली. धुक्यात तिची पावलं थोडा वेळ ऐकू आली, मग इंजिनाखाली बुडाली.

मी त्या उंच सीटवर लोंबकळत बसलो होतो. बाहेर रेल्वेच्या फाटकाकडून, धुक्याच्या आतून, एक गाडी चढावर आली. अजून न सुधारलेल्यांपैकी कोणीतरी असणार. ख्खॉक. नुल्लोने मान वर केली. माझ्या हाताला मात्र डेनिसचं इंजिन न अडखळता चाललेलं लागत होतं, आणि अंगावर काटा आला तो त्याने नव्हे, त्या बाहेरच्या आवाजाने.

"नुल्लो," मी म्हणालो, "मग इतकी वर्षं आम्ही चढावर ऐकत होतो, तो कोण?"

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मी होतो, गाढवा. उतर आता."